शनिवारची रात्र दादरला, बाकीच्या नणंदेकडे

कणकवली तालुक्यातल्या एका शिक्षिकेचं पत्र आलंय. थोडं आखडून देते.

"ताई, मी ४४ वर्षांची आहे. साखर काठावर आल्याचं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा चालायला लागले, चालता चालता धावायला लागले. यंदा मुंबई मॅरेथॉनच्या अर्ध्या शर्यतीत, २१ किलोमीटरच्या गटात माझं नाव लागलंय. शर्यत रविवारी पहाटे ५ ला माहीमच्या रेतीबंदरावरून सुटते आणि सीएसएमटीला संपते. सोबत यजमान आणि नववीतला मुलगा असेल. धावण्याची तयारी चालू आहे, पण राहण्याच्या प्रश्नाने झोप उडवली आहे. माझी नणंद डोंबिवलीला असते. लॉजचा नुसता विषय काढला तर म्हणाली, 'आमी आसताना लॉजार कित्याक?' त्यात रविवारी संध्याकाळी तिचं संक्रांतीचं हळदीकुंकू आहे, वहिनी मदतीला हवीच. माझ्याबरोबर धावणारी मैत्रीण म्हणते, सीएसएमटीजवळच हॉटेल घे, शर्यत तिथे संपते. तीन रात्रींचे जे पैसे सांगितले ते ऐकून मी फोन ठेवला. यजमानांनी ॲपवर पनवेलला स्वस्तात खोली शोधली आहे, कोकणची प्रत्येक गाडी तिथे थांबते म्हणून. पैसा बेताचा आहे, नणंदेचं मनही मोडायचं नाही. मी कुठे राहू?"

बाई, पहिल्यांदा तुमचं अभिनंदन. घर, शाळा आणि पोराची नववी सांभाळून २१ किलोमीटरची तयारी करणाऱ्या बाईला झोप उडवणारे प्रश्न आणखी नकोत. म्हणून उत्तर आधी सांगते, कारणं मागाहून: शुक्रवारची रात्र नणंदेकडे, शनिवारची रात्र दादर-माहीमच्या पट्ट्यात एका खोलीत, आणि रविवारची रात्र पुन्हा नणंदेकडे. सोमवारी सकाळी ठाण्याहून घरची गाडी.

तुम्ही तिघांनी मिळून एकच प्रश्न धरून ठेवलाय, की 'आम्ही कुठे राहायचं'. आपल्याकडे सवयच तशी आहे. मुंबईला गेलं की एका घरी पिशव्या टेकवायच्या आणि परतीच्या गाडीपर्यंत तिथेच राहायचं. लग्नकार्याला, दवाखान्याला ते ठीक असतं. शर्यतीच्या मुक्कामाला तीन रात्री आहेत आणि तिन्ही रात्रींचं काम वेगळं आहे. शुक्रवारी तुम्हाला पोटभर झोप हवी. शनिवारी तुम्हाला रेतीबंदर जवळ हवं, बाकी काही नको. रविवारी हवीत आपली माणसं आणि गरम जेवण. या तिन्ही गोष्टी एका छपराखाली मिळत नाहीत, म्हणून तुमचं गणित सुटत नव्हतं.

आता डोंबिवलीचंच बघू, कारण तुमच्या मनात खरा पेच तिथे आहे. डोंबिवली सीएसएमटीपासून साधारण ४८ किलोमीटर. मॅरेथॉनच्या पहाटे मध्य आणि पश्चिम रेल्वे दरवर्षी धावणाऱ्यांसाठी खास लोकल सोडतात, मध्य रेल्वेची कल्याणहून ३ च्या आसपास निघते. म्हणजे डोंबिवलीहून पोहोचता येतंच. पण हिशोब मांडा. ती लोकल पकडायची तर २ ला उठायचं. दादरला उतरायचं, तिथून माहीम गाठायचं, गर्दीतून आपल्या रांगेत उभं राहायचं, आणि मग २१ किलोमीटर. एखाद्या सिग्नलला लोकल थांबली की तुमचा जीव वर-खाली. शिवाय नणंदेचं घर म्हणजे शनिवारी रात्री गप्पा होणारच, भाचरं जागणारच, आणि २ ला तुम्ही उठलात की अख्खं घर उठणार. बिचारी नणंदच चहा टाकायला उठेल आणि संध्याकाळी हळदीकुंकवाला जांभया देईल. एवढ्या एका रात्रीपुरतं डोंबिवली नाही म्हणजे नाही.

इथे तुमच्याच तालुक्यातल्या दुसऱ्या कुणासाठी एक गोष्ट सांगून ठेवते. नणंद विरारला किंवा बोरिवलीला असती तर माझं उत्तर वेगळं आलं असतं. पश्चिम रेल्वेच्या पहाटेच्या खास लोकल विरार-बोरिवलीकडून चर्चगेटच्या दिशेने येतात आणि धिम्या असतात, माहीम वाटेतच लागतं. आपली अर्धी माणसं नालासोपारा-विरारला आहेत. त्यांच्याकडे उतरणाऱ्याला लॉजचा खर्च करायची गरज नाही. फक्त त्या वर्षीचं वेळापत्रक रेल्वे जाहीर करते ते बघून घ्यायचं.

मैत्रिणीचा सल्ला वाईट नाही, तो दुसऱ्या शर्यतीचा आहे. ४२ किलोमीटरची पूर्ण मॅरेथॉन सीएसएमटीवरून सुटते आणि तिथेच संपते. त्या गटात धावणाऱ्याने फोर्ट, बोरीबंदर, मस्जिदच्या बाजूला खोली घ्यावी, पैसे जास्त गेले तरी घ्यावी. तुमची शर्यत सुटते माहीमला. तुम्ही सीएसएमटीजवळ राहिलात तर पहाटे साडेतीनला दक्षिण मुंबईतून उलट माहीमला यायचं, तेही शहरातले अनेक रस्ते बंद असताना. शर्यत संपल्यावर खोली चार पावलांवर असली तर बरं वाटतं, हे खरं. पण संपल्यावर तुमच्याकडे अख्खा दिवस असतो. दादरला जायला सीएसएमटीहून लोकल आहे, बसायला जागाही मिळेल, आणि उशीर झाला तरी कुणी तुम्हाला बाद करणार नाही. सुटायच्या आधीचा अर्धा तास मात्र परत मिळत नाही. शेवट आणि सुरुवात दोन टोकांना असतील तर खोली नेहमी सुरुवातीच्या टोकाला घ्यावी, असं माझं ठाम मत आहे.

पनवेलबद्दल फार बोलत नाही. तुमच्या यजमानांनी घरी परतायची सोय बघितली. पण शर्यतीची पहाट बघितली तर पनवेल डोंबिवलीइतकंच लांब पडतं, आणि तिथे नणंदही नाही. पनवेल चांगलं कशाला, तर नेरूळच्या डी. वाय. पाटील मैदानावर सामना बघायला जाणाऱ्यांना. रात्रीच्या सामन्याला खोली निवडायची रीत शर्यतीच्या बरोबर उलटी असते, तिथे सुरुवातीचं नाही, सुटल्यावरचं बघायचं. २ नोव्हेंबर २०२५ ला महिला विश्वचषकाचा अंतिम सामना तिथेच झाला. पावसामुळे खेळ दोन तास उशिरा सुरू झाला आणि आपल्या मुलींनी कप उचलेपर्यंत मध्यरात्र उलटली होती. त्या वेळी ज्यांची खोली हार्बर लाइनच्या त्याच बाजूला, नेरूळ-बेलापूर-पनवेलला होती ते निवांत गेले. हे वानखेडेलाही लागू आहे. रात्री सामना संपल्यावर हजारो माणसं एकदम चर्चगेट आणि मरीन लाइन्सकडे वळतात. तेव्हा मैदानापासून खोली किती लांब आहे यापेक्षा शेवटच्या लोकलच्या आधी तिथे पोहोचता येतं का, हे विचारायचं.

आता दादर-माहीम. तुम्हाला बघायचा तो पट्टा शिवाजी पार्क, सिटीलाइट, शीतलादेवी, माटुंगा पश्चिम असा. गेस्ट हाऊस इथे थोडी आहेत, पण आहेत. नाही मिळालं तर दादर पश्चिमेला स्थानकाच्या बाजूची लॉज. दादर पूर्वेला स्वस्त मिळेल, तीही चालेल, मात्र पहाटे पुलावरून पश्चिमेला यायचा एक व्याप वाढतो. स्थानकाला अगदी चिकटून खोली घेऊ नका. दादर पश्चिमेचा फूलबाजार पहाटेआधीच जागा होतो, हातगाड्या आणि टेम्पोंचा आवाज तिसऱ्या मजल्यावरही येतो. एक आडवी गल्ली सोडून आत गेलात तरी फरक पडतो. दुसऱ्या बाजूने बघितलं तर हाच बाजार पहाटे बाहेर पडणाऱ्या बाईला सोबत असतो. साडेतीनला रस्त्यावर दिवे, माणसं, चहाची टपरी असते, टॅक्सी उभ्या असतात. एकट्या निर्मनुष्य रस्त्यावरच्या चकचकीत हॉटेलपेक्षा मला ते जास्त सुरक्षित वाटतं.

दादरहून रेतीबंदर तीनेक किलोमीटर. इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण बाहेरून येणारे नेमके इथे फसतात. पहाटेच्या खास लोकल बहुतेक दक्षिणेकडे, शहराच्या दिशेने येतात. तुम्हाला दादरहून माहीमला, म्हणजे उत्तरेकडे जायचंय. त्या लोकल तुमच्या कामाच्या नाहीत, आणि नेहमीची पहिली लोकल धरायची म्हणजे घड्याळाशी झोंबाझोंबी. दादरला रिक्षा नाही. मुंबईत रिक्षा माहीम-शीवच्या अलीकडे येत नाही, टॅक्सीच करावी लागते. तेव्हा शनिवारी संध्याकाळीच लॉजच्या खालच्या टॅक्सीवाल्याशी बोलून ठेवा. वाहतूक पोलीस बंद रस्त्यांची यादी आदल्या दिवसांत जाहीर करतात, ती यजमानांनी बघावी आणि टॅक्सी जिथपर्यंत जाईल तिथून पंधरा मिनिटं चालायची तयारी ठेवावी. खोली शीतलादेवीच्या बाजूला मिळाली तर टॅक्सीचीही गरज नाही, सगळे धावणारे त्याच दिशेने चालत असतात. यजमानांनी तुम्हाला सोडायला जावं, मुलाला झोपू द्यावं. तो नववीतला आहे, दार आतून लावून दोन तास झोपेल.

खोली ठरवताना ॲपवरचे फोटो बघा, पण पैसे भरण्याआधी लॉजला फोन करा. बोलायला लाजू नका, तुम्ही रोज चाळीस पोरांना गप्प करता. पहिलं विचारा, पहाटे साडेतीनला खालचं दार उघडं असतं का. दादरच्या कितीतरी जुन्या इमारतींत रात्री जाळीचं शटर ओढून कुलूप लावतात आणि किल्ली ज्याच्याकडे असते तो जिन्याखाली गाढ झोपलेला असतो. "साडेतीनला निघणार, मॅरेथॉन आहे" एवढं सांगितलं की ते नोंद करून ठेवतात, बहुतेकांना त्या रविवारची सवयही असते. मग विचारा, गरम पाणी कुठल्या वेळात. सकाळी ६ ते ९ एवढंच असेल तर शर्यतीहून परत आल्यावर थंड पाण्याने अंघोळ करायची तयारी हवी. आणि लिफ्ट. जाताना चौथा मजला काही वाटत नाही. २१ किलोमीटर धावून आल्यावर जिना चढणं जमतं, पण दुपारी सामान घेऊन उतरताना प्रत्येक पायरीला मांड्या ओरडतात. लिफ्ट नसेल तर पहिल्या मजल्याच्या वर खोली घेऊ नका.

सगळ्यात महत्त्वाचं विचारायचं ते हिशोबाच्या वेळेबद्दल. काही लॉज दुपारी १२ ला खोली रिकामी करायला लावतात, काहींचा हिशोब २४ तासांचा असतो. तुम्हाला २४ तासांवाली शोधायची आहे. शनिवारी दुपारी ४ ला खोली घेतली की रविवारी दुपारी ४ पर्यंत ती तुमची. परत येऊन अंघोळ, जेवण, दोन तास पाठ टेकणं, सगळं एका भाड्यात बसतं. तशी नाही मिळाली तर अर्ध्या दिवसाचे जास्तीचे पैसे द्या. तुम्ही तीन रात्रींऐवजी एकच रात्र घेताय, तेवढं परवडेल. तिघांचीही ओळखपत्रं जवळ असू द्या, मुलाचं आधारसुद्धा.

कुणी सांगेल, लालबाग-परळला आपल्या गावकीची खोली आहे, तिथे फुकट झोपा. गिरणीच्या काळात या खोल्यांनी कोकणातल्या किती पोरांना आसरा दिला, त्याबद्दल मला मनापासून आदर आहे. एकटा धावायला येणाऱ्या तरुणाने जरूर जावं, माणसं भेटतात. बाईमाणसाला आणि कुटुंबाला ती सोय होत नाही, संडास-मोरी सामाईक, रात्री दहा जण अंग टाकून. तुम्ही त्या भरीला पडू नका.

आता सगळा प्रवास एकदा जोडून बघू. शुक्रवारी मांडवी एक्सप्रेस धरा. दुपारच्या आधी कणकवली सोडाल, रात्री जेवायच्या सुमाराला ठाण्यात. उतरून डोंबिवलीची लोकल. रात्रभराच्या गाडीपेक्षा दिवसाचीच गाडी सांगते, याला कारण आहे. शर्यतीच्या आदल्या रात्री झोप कुणालाच धड लागत नाही, कितीही महाग गादी असली तरी. म्हणून त्याच्या आदली, शुक्रवारची झोप खरी कामाची. ती स्लीपरच्या वरच्या बर्थवर घालवू नका, नणंदेच्या घरी घ्या. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, १ नोव्हेंबर २०२४ पासून ते १२० चं ६० झालं. खोली मागाहूनही मिळेल, तिकिटं आधी काढा, जातानाची आणि येतानाची दोन्ही. तुम्हाला शुक्रवार आणि सोमवार अशा दोन किरकोळ रजा लागतील. मुख्याध्यापकांना आत्ताच सांगून ठेवा. शाळेतल्या बाई मॅरेथॉन धावतायत ही गोष्ट शाळेलाही भूषणाची आहे.

शनिवारी सकाळी नणंदेकडे नाश्ता करून निघा. शर्यतीचा क्रमांक आणि वेळ मोजणारी चिप घ्यायला बीकेसीला, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलात जावं लागतं. गेली काही वर्षं ते तिथेच देतात आणि शर्यतीच्या दिवशी देत नाहीत. स्वतः जायचं, ओळखपत्र आणि नोंदणीचा मेल घेऊन. डोंबिवलीहून कुर्ला, कुर्ला पश्चिमेहून बस किंवा रिक्षा. सकाळी लवकर पोहोचा. दुपारनंतर तिथे रांगा आणि दुकानं यांत दोन-तीन तास उभ्याने जातात, आणि त्या दिवशी तुमच्या पायांवर तो बोजा नको. बूट, मोजे, नवीन काहीही तिथे विकत घेऊन दुसऱ्या दिवशी घालू नका, कितीही सवलत असली तरी. काम झालं की बीकेसीहून भुयारी मेट्रो धरा. धारावी, शीतलादेवी, मग दादर. बीकेसीच्या पुढे वरळीपर्यंतची ही मार्गिका मे २०२५ मध्ये सुरू झाली आणि तुमच्यासारख्यांचं एक मोठं काम सोपं झालं. आधी याच प्रवासाला सामान घेऊन रिक्षा, लोकल, पूल असं करावं लागायचं. खोली मिळायची वेळ झाली नसेल तर सामान लॉजच्या काउंटरवर ठेवून माटुंग्याला जेवा. तिथल्या उडपी हॉटेलांत साधा भात-रसम, दहीभात, इडली मिळते, पोटाला सोसेल असं. सिटीलाइटच्या मासळीबाजारावरून जाताना यजमानांचा जीव हलेल, त्यांनी खुशाल खावं. तुम्ही शनिवारी मासे, चिकन, बाहेरची चटणी यातलं काही खाऊ नका.

लॉजवर पहाटे ३ ला काही मिळत नाही. तुम्ही घरी लांब धावण्याआधी जे खाता तेच घेऊन या. पेज घेत असाल तर ती इथे जमणार नाही, तेव्हा पुढच्या दोन रविवारी केळं, खजूर किंवा नाचणीचा लाडू खाऊन धावून बघा, पोट काय म्हणतं ते कळेल. लाडू नणंदेकडून शुक्रवारी मागून घ्या. खरंच मागा, कारण आता तिच्याबद्दलच बोलायचंय.

हे सगळं तिला सांगायचं कुणी? तुम्ही नाही. तुमच्या यजमानांनी. बहीण त्यांची आहे, फोन त्यांनीच करायचा. वहिनीने "लॉजवर राहते" म्हटलं की ते घर नाकारल्यासारखं ऐकू येतं, भावाने "शनिवारची एक रात्र तिला शर्यतीच्या जागेजवळ झोपायला लागेल, बाकी दोन रात्री तुझ्याकडेच" म्हटलं की ते नियोजन वाटतं. वाक्याचा क्रमही महत्त्वाचा. आधी दोन रात्री, मग एक. लॉज हा शब्द पहिल्या वाक्यात नको. नणंदेचा राग खोलीवर नाही, आपण परके ठरलो की काय या भीतीवर आहे, आणि ती भीती खोटी म्हणून झटकण्यासारखी नाही. गावाकडून येणारं माणूस आपल्याकडे उतरतं यावर मुंबईतल्या आपल्या लोकांचं माहेर टिकून असतं. तिला त्या दिवसात जागा द्या. लाडू तिचे, शुक्रवारचं जेवण तिचं, आणि जमलं तर शर्यत संपते तिथे तिच्या घरचं कुणीतरी हवं. तिला स्वतःला हळदीकुंकवाची तयारी असेल, पण भाच्यांना सकाळच्या लोकलने सीएसएमटीला पाठव असं म्हणा. मामीला धावत येताना बघायला पोरं उड्या मारत येतील.

मदतीचं काय, तर ती यजमानांनी आणि मुलाने करायची. रविवारी तुम्ही दादरला झोपलेल्या असाल तेव्हा त्यांनी पुढे डोंबिवलीला जावं, सतरंज्या घालाव्यात, वाण मोजून ठेवावं, तिळगूळ भरावा. भावाने बहिणीच्या हळदीकुंकवाला हात लावला तर काही बिघडत नाही. तुम्हीही ११ नंतर उगाच निघू नका. रविवारी मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक बहुतेक असतो, माटुंगा ते मुलुंडच्या पट्ट्यात सकाळी ११ च्या सुमारास सुरू होऊन दुपारी साडेतीन-चारपर्यंत चालतो. गाड्या मिळतात, पण खोळंबतात आणि गच्च भरतात, आणि त्या पायांनी उभं राहणं फार जड जाईल. यजमान आणि मुलगा धडधाकट आहेत, ते ब्लॉकमधूनही जातील. तुम्ही ४ ला खोली सोडा, दादरहून सव्वाचार-साडेचारची जलद लोकल, बायकांच्या डब्यात. सहापर्यंत डोंबिवली.

सीएसएमटीला भेटायची जागा आधी ठरवा. शर्यतीनंतर त्या चौकात आणि आझाद मैदानाच्या बाजूला इतकी गर्दी असते की समोरचं माणूस दिसत नाही, फोन लागत नाही. "बाहेर भेटू" असं ठरवू नका. स्थानकाच्या आत, लांब पल्ल्याच्या गाड्या लागतात त्या बाजूला भेटा. कोकणकन्या एक्सप्रेस कुठे लागते हे तुमच्या घरात सगळ्यांना माहीत असणार, तिथे सावली आहे, बसायला जागा आहे, पाणी आहे. यजमान आणि मुलाला तुम्हाला धावताना बघायचं असेल तर मरीन लाइन्सला उतरून मरीन ड्राइव्हवर उभं राहावं. तुमची सगळ्यात जास्त दमछाक शेवटच्या तीन-चार किलोमीटरला होईल, तिथे आपलं माणूस दिसणं फार मोठं असतं. तुम्ही पुढे गेल्यावर त्यांनी शर्यतीच्या रस्त्याने यायचा प्रयत्न न करता मेट्रो सिनेमाच्या बाजूने चालत सीएसएमटीला यावं.

परतीला रविवारी रात्रीच निघायचा मोह होईल, एक रजा वाचते म्हणून. तुतारी एक्सप्रेस दादरहून मध्यरात्रीच्या ठोक्यानंतर सुटते, म्हणजे रविवारी रात्रीच्या त्या गाडीच्या तिकिटावर तारीख सोमवारची लागते. याच गोंधळात लोक एक दिवस चुकीचं तिकीट काढतात, कुणी काढत असेल तर जपून. पण तुम्ही ती धरू नये असं मला वाटतं. हळदीकुंकू उरकून, रात्री ११ ला सामान घेऊन पुन्हा ठाण्याच्या फलाटावर उभं राहायचं, आणि सोमवारी सुजलेल्या पायांनी शाळा. नको. सोमवारी सकाळी ८ च्या आसपास मांडवी ठाण्याला येते. खिडकीची जागा घ्या, पाय समोर पसरा.

नणंदेच्या घरी रविवारी संध्याकाळी बायका येतील तेव्हा पदक पिशवीत ठेवून देऊ नका. साडी नेसा, आणि ते गळ्यात घाला. तिथल्या निदान एका बाईला तिच्या डॉक्टरांनी साखरेबद्दल तेच सांगितलेलं असेल जे तुम्हाला सांगितलं होतं. तिला कुठून सुरुवात केली ते सांगा, बूट कुठले घेतले तेही सांगा. आणि आज संध्याकाळी पहिलं काम, यजमानांना हा मजकूर वाचायला द्या आणि डोंबिवलीला फोन लावायला सांगा.